कानपिळीची पेनल्टी

मानपाड्याच्या ज्या कारखान्याच्या फाटकावर मी उभा असतो, तिथं पाळी सुटली की प्रत्येकाची पिशवी उघडून पाहणं हे माझं काम आहे. डब्याचं झाकणसुद्धा काढायला लावतो. माणसं तोंड वाकडं करतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण असं तपासलं जाण्यात काय असतं ते मी चांगलं जाणतो.

परवा ठाण्याकडचा एक वयस्क फिटर नव्यानं कामाला लागला. पिशवी पुढं करताना तो थबकला.

"तुम्ही बाळकुमचे ना? पेनल्टीवाले?"

मी हो म्हटलं.

"मेहुण्याच्या पोटात चेंडू घातलात, ते?"

मागची पोरं रांगेत खोळंबली होती. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी फिटरच्या डब्याचं झाकण लावून दिलं आणि जा म्हटलं. त्याच्या प्रश्नाला खरं उत्तर काय, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. म्हणून जे झालं ते सगळं लिहून काढतो आहे.

माझे वडील बाळकुमच्या खाडीलगत मिठागरावर कामाला होते. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला मी शाळा सोडून त्यांच्या हाताखाली गेलो. मिठागरात खेळायला जागा नसते. चौकोनी वाफे, त्यांत पाणी, आणि मधून जेमतेम पाऊल मावेल एवढे बांध. आम्ही पोरं त्या बांधांवर उभी राहायचो आणि चिंध्यांच्या गोळ्यावर सायकलच्या ट्यूबचे पट्टे चढवून केलेला चेंडू या बांधावरून त्या बांधावर लाथेनं पोचवायचो. चेंडू वाफ्यात पडला की वर धरलेली मिठाची साय फुटायची आणि ज्याच्या बापाचा वाफा त्याच्या हातचा मार मिळायचा. त्यामुळे मला जागच्या जागी उभं राहून नेमकी लाथ मारता येऊ लागली. धावणं मात्र मी कधी शिकलो नाही.

गावच्या मैदानावर ठाण्याच्या एका कापड गिरणीचा संघ खेळायला आला तेव्हा आमच्या गावाकडून मी फुलबॅक होतो. खेळात माझा काही उपयोग झाला नाही. पण आम्हाला दोन फ्री किक मिळाल्या, आणि दोन्ही मी उघड्या पायानं गिरणीच्या गोलात घातल्या. संध्याकाळी गिरणीचा कप्तान आमच्या ओट्यावर येऊन बसला. तो विणकाम खात्यात जॉबर होता, म्हणजे माणसं कामावर घेणारा मुकादम; जाड मानेचा, कमी बोलणारा. वडिलांना म्हणाला, "पोराला फाटकावर पाठवा. काम बघतो."

ते काम बदलीचं होतं. बदली कामगारानं रोज सकाळी पास घेऊन फाटकाशी उभं राहायचं. आत कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी घेणार, नसला तर घरी. माझं तसं नव्हतं. माझं नाव रोज पुकारलं जायचं. कोणी गैरहजर असो वा नसो, कापडाच्या घड्या घालतात त्या घडी खात्यात माझ्यासाठी काहीतरी निघायचंच. बाकीचे बदलीवाले हे पाहत होते.

"बघ, आयला लाथेचा पगारवाला," एकजण ऐकू येईल असं म्हणायचा. "आमी हातानं काम करून उपाशी, ह्यो एका पायावर जेवतंय."

"अरे, पाय तरी दोन हायेत त्याला. दुसऱ्यावर बायको मिळंल."

मी हसून घ्यायचो. मनातून मला ते लागायचं, कारण ते खरं होतं. आत घेतलं म्हणजे बाहेर कोणाला तरी परत पाठवलेलं असायचं, आणि तो माणूस कोण हे मला चेहऱ्यानं माहीत असायचं.

संघातही माझं काम एवढंच होतं. चेंडू चालता असेपर्यंत मी मागं उभा. शिट्टी वाजली, फ्री किक किंवा पेनल्टी मिळाली, की कप्तान मागं न पाहता हात वर करायचा आणि मी चालत पुढं जायचो. तेव्हाचा फुटबॉल चामड्याचा. आतल्या रबरी ब्लॅडरचं तोंड जिथं कोंबलेलं असतं तिथं चामड्याची वादी ओवलेली असायची, बुटाच्या नाडीसारखी. भिजली की ती दोरखंडासारखी कडक व्हायची. बूटवाल्यांना फरक पडत नसे. उघड्या पायानं मारणाऱ्यानं मात्र चेंडू ठेवताना वादी गोलाकडे करायची. आपल्या पायाकडे ठेवली तर चटका बसतो, पाय आपोआप आखडतो आणि चेंडू मरतो. त्या वर्षांत मी चेंडू नेहमी स्वतः ठेवला. वादी नेहमी गोलाकडे केली. ताटावर बसताना उजवा हात पुढं जातो, तसं ते होतं.

लग्न झालं ते याच नोकरीच्या जोरावर. बायको कल्याणच्या खाडीकाठची. तिला एकच भाऊ, तिच्याहून लहान, लांब हातांचा, बडबड्या. तोही फुटबॉल खेळायचा, गोलकीपर म्हणून. आमच्या लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि नवऱ्यानं त्याला काहीतरी मान द्यायचा असतो; टोपी, सदरा, ज्याची जशी ऐपत. मी टोपी पुढं केली. त्यानं कान सोडला नाही.

"टोपी नको भावोजी. चामड्याचा फुटबॉल द्या."

मांडवात हशा पिकला. चामड्याचा फुटबॉल तेव्हा माझ्या ऐपतीबाहेरचा होता. मी म्हटलं, "पुढं देईन."

"सगल्यांनी ऐकलाव ना?" तो मांडवाकडे वळून म्हणाला. "भावोजींवर मान बाकी हाय."

दोन्ही गावांनी ऐकलं होतं. पुढं सणावाराला सासरी गेलो की तो आठवण काढायचाच. माझ्याच्यानं ते झालं नाही. आधी घर शाकारायचं निघालं, मग वडील आजारी पडले. पण सासरी गेलो की खाडीवरच्या मोकळ्या जागेत आम्ही दोघं त्याच्या संघाचा जुना चेंडू घेऊन जायचो. मी मारायचो, तो अडवायचा. माझी लाथ त्याच्याइतकी जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेली नाही.

पाचेक वर्षं मी बदलीच राहिलो. मग एका मोसमात, जिल्ह्यातल्या गिरण्या-कारखान्यांच्या ढालीसाठी आमचा संघ शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला, तेव्हा लेबर ऑफिसरनं मला बोलावलं. "ढाल आली तर तुझं कायमचं करून टाकू," ते म्हणाले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. आमचा मुलगा तेव्हा पाळण्यात होता. ती कधी नव्हे ती खुर्चीवर बसली. ही खुर्ची घरात पाहुण्यांसाठी होती.

दोन दिवसांनी कळलं की समोर कल्याणकडचा भांड्यांचा कारखाना आहे. त्या कारखान्याच्या गोलात माझा मेहुणा होता. तोही कायम झालेला नव्हता, आणि त्यालाही त्याच्या साहेबानं तेच सांगितलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणं कमी झालं. बायकोनं गावदेवीला नवस केला आणि एक नारळ फळीवर ठेवला. मी विचारलं, "कोणासाठी?"

"नवस बोलून दाखवत नाय," ती म्हणाली.

ती माझ्यासाठी नवस करील हे मला उघड वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. भाजी वाढताना, मुलाला झोका देताना मी तिच्या तोंडाकडे पाहत राहायचो. ती दुपारी शेजारणीशी कुजबुजली तर मला वाटायचं, माहेरी निरोप चालला आहे. एकदा मी म्हटलं, "भाऊ कायम झाला तर तुला बरं वाटेल ना?"

तिनं पळी भांड्यात ठेवली. "वाटंल. तुमी झालात तरी वाटंल. काय इचारताव ह्यो?"

माझं समाधान झालं नाही.

गिरणीतही तेच. कप्तान सरावानंतर पायावर पाणी ओतत म्हणाला, "ऐकतो मी, तुझा मेहुणा आहे तिकडे."

"आहे."

"पेनल्टी मिळाली तर दुसऱ्या कोणाला देऊ का?"

"नको. मीच मारणार."

"का?"

मला कायम व्हायचं होतं म्हणून. पण मी म्हटलं, "माझी चुकत नाही म्हणून." त्यानं मान डोलावली, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

सामना कल्याणला झाला, स्टेशनापासून आत, चिंचेच्या झाडांमागच्या मैदानावर. बाळकुमहून माणसं आली होती, सासरचीही. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेल्यानं मैदान ओलं होतं आणि चेंडू जड झाला होता. दोन्ही बाजूंनी एकही गोल झाला नाही. खेळ संपत आला आणि त्यांच्या फुलबॅकनं आमच्या माणसाला गोलासमोर पाडलं. शिट्टी वाजली. कप्तानानं मागं न पाहता हात वर केला.

मी चालत गेलो. चेंडू हातात घेतला, सदऱ्याला पुसला, जागेवर ठेवला. वादी गोलाकडे होती. हे मी शपथेवर सांगेन.

तेवढ्यात मेहुणा गोल सोडून पुढं आला. तो हसत होता. मला वाटलं हात मिळवायला येतो आहे. त्यानं सरळ माझा कान धरला आणि पिळला.

मैदानाच्या कडेला सासरच्या बाजूनं हशा उसळला. लग्नाला आलेली निम्मी माणसं तिथं होती.

"भावोजी, बाकी द्या!" कोणीतरी ओरडलं.

"मान राहिलाय त्याचा. आज चेंडू हाय समोर."

मी त्याचा हात झटकला. त्या झटापटीत चेंडूला कोणाचा तरी पाय लागला आणि तो थोडा सरकला. माझा लागला असेल. रेफरीनं मेहुण्याला दटावून मागं पाठवलं आणि मला म्हणाला, चेंडू नीट ठेव. मी वाकलो आणि ठेवला. माझा कान तापला होता. आमचा कप्तान अगदी जवळ उभा होता; तो हसत नव्हता. मी मागं झालो, आणि मारली.

पायाला चटका बसला. चेंडू कोपऱ्याकडे न जाता खालून, सरळ, पोराबाळांनी ढकलावा तसा गेला. मेहुणा जागचा हलला नव्हता. त्यानं वाकून तो पोटाशी घेतला.

तो हलला नाही, हेच सगळ्यांच्या डोक्यात राहिलं. गोलकीपर पेनल्टीला कुठं तरी झेप घेतोच. हा मात्र ठाऊक असल्यासारखा उभा राहिला. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांनी गोल केला आणि ढाल तिकडे गेली.

मला कोणी काही बोललं नाही. परतताना संघातल्या कोणी माझ्याशेजारी बसायचं टाळलं असंही नाही. कप्तान स्वतः बसला. ठाणं येईपर्यंत त्यानं फक्त एवढंच विचारलं, "कान दुखतोय का?"

सोमवारी लेबर ऑफिसरनं बोलावलं.

"तो गोलकीपर तुझा कोण?"

"मेहुणा."

"सख्खा?"

"सख्खा."

"बरं," ते म्हणाले, आणि समोरचा कागद उचलला. दुसऱ्या दिवशी फाटकावर माझं नाव पुकारलं गेलं नाही. आत तीनचार माणसं गैरहजर होती. माझ्या शेजारच्याला घेतलं. तो आत जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला, आणि ते मला टोमण्यांपेक्षा जड गेलं. आठवडाभर उभा राहिलो, मग जाणं सोडलं आणि पुन्हा मिठागरावर गेलो; आत्ताचं फाटकावरचं काम पुष्कळ नंतर मिळालं.

एक गोष्ट मी कोणाला दाखवली नाही. सामन्याच्या दिवशी घरी आल्यावर पाय धुतला, तेव्हा पावलावर वळ उठलेला दिसला. आडवे आडवे पट्टे, वादीचे. बायको हळद-तेल घेऊन आली. तिनं पाय मांडीवर घेतला, वळ पाहिला, त्यावरून बोट फिरवलं. तिला खेळ कळत नव्हता, पण वादी कुणीकडे ठेवायची हे तिच्या भावानं आणि मी तिच्यादेखत शंभरदा बोललो होतो.

"वल उठलाय," ती म्हणाली.

"हं."

तिनं तेल लावलं आणि वाटी घेऊन आत गेली.

मग मी हिशेब मांडत बसलो. वादी पायाकडे आली ती कशी? मेहुण्यानं कान पिळताना पायानं चेंडू फिरवला असेल. तो हसत आला तोच मुळी त्यासाठी. बायकोनं ही युक्ती सुचवली असेल. नसेल, तर मग वळ पाहून गप्प का राहिली? मी फळीवरच्या नारळावर नजर ठेवली. भाऊ कायम झाल्याची बातमी आली. आता ती नारळ देवीला वाहील आणि मला कळेल, असं मी धरून चाललो. तिनं वाहिला नाही. महिने गेले. झाडताना ती तो उचलायची, खालची धूळ पुसायची आणि परत ठेवायची. आतलं पाणी आटून तो खुळखुळायला लागला. मी घरात एकटा असलो की तो कानाशी हलवून पाहायचो. काय कळणार होतं त्यातून? तरी हलवायचो.

पुढच्या वर्षी मेहुण्याचं लग्न ठरलं. कायमच्या नोकरीमुळंच ठरलं. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "जायला नको असंल तर नका जाऊ. मी जाते." तेवढ्यावरून मला वाटलं, हिला मी नसलेलाच हवा आहे, आणि मी गेलो.

मांडवात मला पुढं बसवलं. कानपिळीची वेळ आली. नवरीचा भाऊ दहाबारा वर्षांचा, घाबरट. त्यानं मेहुण्याच्या कानाला नुसतं बोट लावलं. मेहुण्यानं त्याला नवी टोपी दिली, वर पिशवीतून एक कोरा चामड्याचा फुटबॉल काढून दिला. माणसं हसली आणि काहींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहत राहिलो.

जेवणं उरकल्यावर मुंडावळ्या तशाच असताना तो माझ्याजवळ येऊन बसला.

"भावोजी, एक बोलायचं राहिलंय."

"मला पण विचारायचंय," मी म्हटलं. "चेंडू तू फिरवलास ना?"

"मी? माजा हात तुमच्या कानाला, पाय मागं. मी कवा फिरवनार?"

"मग वादी माझ्याकडे कशी आली?"

"तेच तर." तो आवाज खाली आणून बोलला. "पैल्यांदा ठेवलात तवा वादी मला दिसत व्हती. मी मागं गोलात जाऊन बगतो तर नुसता चेंडू. वादी नाय. तुमी वाकून ठेवलेला, माज्या डोल्यांदेखत. मला कललं, वादी पायाकडं हाय, आता पाय आखडनार, चेंडू सरल येनार. म्हनून हललो नाय."

मी पुढ्यातला विडा उचलला आणि परत ठेवला.

"मी मस्करीत कान पिलला व्हता भावोजी. मला काय ठाऊक तुमी खरोखर मान द्याल." त्यानं तोंडावर आलेल्या मुंडावळ्या मागं सारल्या. "त्या दिवसापासून मी कोनाला बोललो नाय. ताईला पन नाय. तुमची नोकरी गेली, माजी झायली. हे लगीन तुमच्यामुलं."

"मी दिला नाही," मी म्हटलं.

"बरं, नाय दिलात," तो म्हणाला, आणि वाकून माझ्या पाया पडला. माझ्या उजव्या पावलावर त्याचा हात जरा थांबला.

मी खरं तेच बोललो होतो का? मला अजून माहीत नाही. दुसऱ्यांदा चेंडू ठेवतानाचं मला काहीच आठवत नाही. कान तापलेला आठवतो, कप्तानाचे पाय आठवतात, ओल्या मातीचा वास आठवतो. हात दिसत नाहीत. घाईत चूक झाली म्हणावं, तर इतक्या वर्षांत ती एकदाही झाली नव्हती. मुद्दाम केलं म्हणावं, तर मला कायम व्हायचं होतं. पाळण्यात मूल होतं. मी दोन्ही बाजूंनी स्वतःची झडती घेतली आहे. कधी हे सापडतं, कधी ते.

घरी परतताना खाडीवरच्या होडीत मी बायकोला म्हटलं, "तो म्हणतो मी मुद्दाम केलं."

"ठाऊक हाय. त्याच्या तोंडावरून दिसतं."

"तुला काय वाटतं?"

तिनं मुलाचं डोकं पदराखाली घेतलं. "मला कसं ठाऊक? पाय तुमचा."

"मग नवस कोणासाठी होता? आता तरी सांग."

"कोनासाठी नाय. तुमा दोगांची समोरासमोर गाठ परू नये, येवरंच बोललेली. देवीनं आयकलं नाय. मग नारल कसा वाहू?"

दुसऱ्या दिवशी तिनं तो फळीवरून उतरवला आणि उंबऱ्यावर फोडला. आतला गोटा करवंटीपासून सुटून आला होता. तिनं कोयत्यानं त्याचे तुकडे केले, एक मुलाच्या हातात दिला, एक माझ्या. मी तो तोंडात घालण्याआधी नाकाशी नेला. खवट नव्हता.

मी वर पाहिलं तेव्हा ती माझ्याकडेच पाहत होती, हातात स्वतःचा तुकडा तसाच धरून.